का. डो.

पालकसभेत सगळे पालक मुलांच्या बाकांवर बसले होते. गुडघे हनुवटीला टेकलेले असले की माणसाला फारसा वाद घालता येत नाही, त्यामुळे सभा चांगली चालली होती.

"प्रत्येक मूल आपापल्या वाटेनं शिकतं," वर्गाच्या बाई सांगत होत्या. तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्यावर त्यांनी मुलांना वीस प्रश्नांचा कागद दिला होता आणि उत्तरांवरून वर्गाचे तीन गट पाडले होते: डोळे, कान आणि हात. डोळे खिडकीपाशी तक्ते बघून शिकत. कान दाराशी बाईंच्या तोंडून ऐकून शिकत. हात मागे सतरंजीवर माती कालवून, काड्या रचून आणि एकमेकांचे केस ओढून शिकत.

"बाई, डोळ्यांत एखादी जागा होईल का हो?" एका 'हाता'च्या आईनं विचारलं.

"आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कानच," एका 'काना'चे वडील म्हणाले. "आमचे तीर्थरूप तर भिंतीपलीकडचंही ऐकायचे."

कोपऱ्यात उभ्या असलेल्या मोठ्या बाई समाधानानं हसल्या. पुढच्या महिन्यापासून सगळ्या शाळेचे डोळे, कान आणि हात वेगळे करायचं त्यांनी ठरवलं होतं.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक म्हातारे शिंपी उठले. घाईत आले असावेत, गळ्यात टेप तशीच होती. नातीचा हात धरून ते पुढे आले आणि त्यांनी टेबलावर एक अर्ज ठेवला.

"हिला एक वर्ग मागे बसवा," ते म्हणाले. "घरात सगळ्यांनी मिळून ठरवलंय. हिच्या डोक्यात काही शिरत नाही. हिचंही तेच म्हणणं आहे."

नातीनं मान डोलावली. मुलगी आज्ञाधारक होती.

"कुठल्या गटात आहे ही?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"कानाडोळा," मुलगी म्हणाली.

सगळे हसले. वर्गाच्या बाईही हसल्या आणि त्यांनी गटांची यादी उघडली. मुलीच्या नावापुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, का. डो. दहा उत्तरं कानांची आली होती, दहा डोळ्यांची. बघू सावकाश, म्हणून त्यांनी पेन्सिलनं टिपून ठेवलं होतं. त्या सावकाशला आता सात आठवडे झाले होते.

"मग तू बसतेस कुठे?" बाईंनी विचारलं.

"मध्ये."

मध्ये म्हणजे खिडकी आणि दार यांच्या मध्ये. तिथून एका विषयाचा तक्ता अर्धा दिसायचा आणि दुसरा विषय शिकवणाऱ्या बाई अर्ध्या ऐकू यायच्या.

शिंप्यानं पिशवीतून वही काढली, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. "उन्हानं समुद्राचं पाणी तापतं. तापलं की त्याचे तीन चतुर्थांश होतात. छेद वर जातो, त्याला ढग म्हणतात. दोन ढगांची बेरीज करायची असल्यास आधी छेद समान करून घ्यावेत, नाहीतर पाऊस पडत नाही."

कुणीतरी फिसकन हसलं.

"आम्हाला वाटलं, नवीन अभ्यासक्रम असेल," शिंपी म्हणाले. "खालचा शिक्का बघून."

खाली बाईंचा लाल शिक्का होता, 'छान!' पुढच्या पानावरही 'छान!' त्याच्या पुढच्या पानावर तारीख होती आणि एकच वाक्य, 'आज मला काहीच समजलं नाही.' त्याखाली 'छान!'

आता कुणी हसलं नाही. बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मोठ्या बाई लगबगीनं पुढे आल्या. "होतं असं. चाळीस मुलांत एखादं मागे पडायचंच. आजोबा स्वतःहून म्हणतायत ना? मग करून टाका सही."

त्यांनी पेन पुढे केलं. बाईंनी ते घेतलं, आणि क्षणभर त्यांना चक्क बरं वाटलं. सही केली की चूक मुलीची ठरणार होती. मुलगी तर तयारच होती.

"मापं तुम्ही चांगली घेतली होती, बाई," शिंपी हळूच म्हणाले. "पण माप घेऊन कापड तसंच ठेवलं, तर आमच्याकडे गिऱ्हाईक शिव्या घालतं. तुमचं गिऱ्हाईक भलतंच सालस. स्वतःच माफी मागायला आलंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. आवाज जेमतेम टेबलाच्या कडेपर्यंत पोचला.

"मला कशाला सांगता? हिला सांगा," म्हणत शिंप्यानं नातीला पुढे केलं.

बाई टेबलाला वळसा घालून आल्या आणि तिच्यासमोर गुडघे टेकून बसल्या. सगळे पालक, मोठ्या बाई, सगळेच बघत होते.

"तुझं डोकं चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "मी तुला शिकवलंच नाही. तू इथेच बसलेली होतीस आणि मी तुझ्याकडे बघितलं नाही. चूक माझी झाली."

मुलगी मन लावून ऐकत होती. सात आठवड्यांत पहिल्यांदाच तिला बाई पूर्ण दिसत होत्या आणि पूर्ण ऐकू येत होत्या.

ऐकून झाल्यावर तिनं आजोबांच्या हातातून वही घेतली आणि कोरं पान काढलं.

"बाई, हे लिहून घ्यायचं का?"