आजोबांची शिट्टी

इमारतीतलं एकेक मूल घशाच्या तापानं अंथरूण धरत होतं. आपल्या लेकीलाही तो लागेल या धास्तीनं एका आईनं टेबलावर आजारी मुलागणिक एक बटण मांडलं. शाळा वेगळ्या, मजले वेगळे. तेच पाणी पिणारे बाकीचे ठणठणीत. मग दुवा कुठला? "सूनबाई, सोंगट्या मांडल्यास होय?" सासरे डोकावले. निवृत्त क्रीडाशिक्षक, अंगणात मुलांच्या शर्यती लावायचे. कुठलं बटण कुठल्या मुलाचं ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "अगं, हे तर सगळे जिंकलेले! जिंकेल त्याला माझी शिट्टी फुंकायला देतो." "तशीच, बाबा?" "छे! सदऱ्याला पुसून." शिट्टी उकळायला टाकताना तिला हसू फुटलं. लेक सगळ्यांत लहान, तरी आजोबा शर्यतीत तिला सवलत म्हणून रेषेच्या पुढे उभं करत नाहीत म्हणून रोज हरायची, रुसायची, आईही धुसफुसायची. त्या हरण्यानंच पोर वाचली. संध्याकाळच्या शर्यतीत शिट्टीऐवजी ताट वाजलं, आणि आजोबांनी पहिल्यांदाच नातीला चार पावलं पुढे उभं केलं.