बंगल्यातला मोतद्दार

गंगापूर धरणाकडच्या बंगल्यात दादासाहेबांच्या लाडक्या घोड्याचं मोठं तैलचित्र होतं. त्यात लगाम धरून उभा असलेला मोतद्दार फकिरा म्हणजे नवसाबाईचा नवरा. चित्र पुरं झालं त्याच वर्षी, सत्तर साली, त्याच घोड्याच्या लाथेनं तो भर तरुणपणी गेला. "दारू पिऊन जवळ गेला असेल," असं म्हणून दादासाहेबांनी विषय मिटवला. फकिरा कधी थेंबालाही शिवला नव्हता.

दोन हजार पाच साली बंगला विकायला निघाला. नवसाबाईकडे नवऱ्याचा एकही फोटो नव्हता, म्हणून ती शेवटचं त्याचं तोंड बघायला आली.

घोडा तसाच तुकतुकीत होता. फकिराचे केस मात्र पांढरे झाले होते, गाल बसले होते, पाठ वाकली होती.

"मालक, हे म्हातारे कसे झाले?"

"जुना रंग उडतो, बाई," दादासाहेब चित्राकडे न बघताच म्हणाले.

मेल्यावरही आपल्या माणसाला सुट्टी नव्हती तर! नवसाबाई चित्राला अगदी भिडून हळूच म्हणाली, "लय झाली चाकरी. चला आता घरी."

चित्रातली बोटं उघडली. लगाम सैल पडला.

"फकिरा!" मागून दादासाहेब ओरडले. "सोडू नको त्याला!"

बोटं पुन्हा मिटली.