सोयगावचा भाचा

शोरूमचा सेल्समन श्रीनिवास गाडीचं दार धरून उभा होता आणि नानासाहेब आतून उतरायचं नाव घेत नव्हते. जालना रोडवर नवरा-बायको आले होते लहान गाडी बघायला. लहान गाडी तिकडं कोपऱ्यात होती, तिच्याकडं अजून कुणी फिरकलंही नव्हतं. गेला तासभर सगळा मुक्काम ह्या काळ्या, उंच, सात जणांच्या गाडीपाशी. घरात माणसं दोन, लेकी आपापल्या सासरी.

साळूबाई पदर खोचून खाली उभी होती. तिला ही गाडी नको होती, आणि का नको ते तिनं बिडकीनहून निघतानाच नवऱ्याला बजावलं होतं. त्यांचं रान कारखान्यांसाठी गेलं, मोबदला आला, त्यातून पाचोडकडं चार एकर बागायत घ्यायचं ठरलं. नानासाहेबांच्या गुडघ्याला आता मोटरसायकल झेपत नाही, म्हणून लहान गाडी. तेवढी पैशांत बसत होती. मोठी घेतली की रानाला रामराम. मग उरलेला जन्म दारात गाडी पुसत बसायचं, जसे गावातले निम्मे लोक बसलेत.

नानासाहेबांना हे सगळं पाठ होतं. पण स्टिअरिंग हातात आलं की भल्याभल्यांचं डोकं ठिकाणावर राहत नाही, आणि त्यात हा श्रीनिवास. पोरगं मोठं बिलंदर. पांढरा शर्ट, गळ्यात टाय आणि तोंडात साखर. इंजिन सांगून झालं, छताची काच उघडून दाखवली, मिटून दाखवली. लहान गाडीचा विषय निघाला की ती म्हणे सहा महिने मिळायची नाही, मोठी मात्र उद्या दारात. काका, तुमच्यासारख्या माणसानं त्या डबीतून उतरावं हे बरं दिसत नाही, असंही म्हणाला. नानासाहेबांची छाती दोन बोटं वर आली.

"सही दोघांची लागंल," साळूबाई म्हणाली. "खातं दोघांच्या नावावर हाये. आन् मी करणार नाय."

तसा श्रीनिवासनं मोर्चा तिच्याकडं वळवला. मावशी म्हणून झालं, काकू म्हणून झालं. चहा आला, तिनं हातही लावला नाही. खुर्ची आली, ती बसली नाही. हप्ता किती हलका बसेल ते सांगायला लागला, तर ती पंख्याकडं बघत राहिली. मग त्यानं आपलं सहज विचारल्यासारखं विचारलं, माहेर कुठलं म्हणून.

सोयगाव, ती म्हणाली.

पोरानं कपाळावर हात मारून घेतला. मी सोयगावचाच की, म्हणाला. गावची लेक म्हणजे माझी आत्या लागली, आणि मी येडा मघापासून मावशी मावशी करतोय. भर शोरूममध्ये टाय सावरत तो वाकला आणि तिच्या पाया पडला.

आत्या म्हणून हाक कानावर पडून साळूबाईला दहा वर्षं झाली होती. भाऊ गेला, आणि त्याच्या मागं माहेरची वाटही मोडली. ती खुर्चीवर बसली. गार झालेला चहा तिनं घोटाघोटानं संपवला. घर कुठं रे तुझं, तिनं विचारलं. मारुतीच्या देवळामागं, तो म्हणाला. मारुतीचं देऊळ कुठल्या गावात नसतं, हे तिच्याही ध्यानात आलं. पण तिनं पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर भाचा हातचा गेला असता.

नानासाहेबांनी वारं ओळखलं. गुडघा विसरून ते गाडीतून टुणकन उतरले. बुकिंगचा कागद आला, चेक आला, त्यांनी दोन्हीवर सही ठोकून दिली. पेन साळूबाईच्या हातात आला. चार एकर त्या घडीला तिच्या डोळ्यांपुढं नव्हतं, खोटं कशाला सांगा. समोर फक्त त्या पोराचं हसरं तोंड होतं.

श्रीनिवासनं कागदावर बोट ठेवलं आणि अगदी घरच्यासारखं, एकेरीत म्हणाला, "आत्या, इथं फक्त सही कर."

साळूबाईचा हात होता तिथंच थांबला. ती त्या बोटाकडं बघत राहिली. काय झालं, नानासाहेबांनी विचारलं. तिनं पेनाला टोपण लावलं आणि पेन टेबलावर ठेवला.

"माझा सख्खा भाचा बी असंच म्हणला व्हता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "भाऊ गेला, त्याच्या महिन्याच्या आत. रजिस्ट्रीच्या हापिसात. आत्या, इथं फक्त सही कर. केली म्या. बापाच्या रानातला वाटा सोडून दिला. त्या दिवसापासून त्यानं मला येकदा बी आत्या म्हणून हाक मारली नाय."

श्रीनिवासनं कागदावरचं बोट काढून घेतलं. नानासाहेब टायरकडं बघू लागले.

साळूबाई उठली. तिनं पोराच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो रागानं फिरवला नव्हता.

"चल, ती लहान गाडी दाव," ती म्हणाली. "तिच्यावर सही करायला मला कुणाची आत्या व्हावं लागत नाय."