खोल पडताळणी

मंदाकिनी ठोसर चौथ्यांदा चारित्र्य पडताळणीच्या खिडकीशी आली, तेव्हा कारकून भिसे वैतागलाच.

"अहो बाई, साध्या पडताळणीत तुमचं काही निघत नाही. खोल पडताळणीतही तीनदा पास झालात, तरी कामावर गेला नाहीत. आता परत कशाला?"

"करा एवढी एकदा," ती थकून म्हणाली.

शिक्षा भोगून सुटताना कैद्याच्या डोक्यातून गुन्ह्याची आठवण पुसत; मंदाकिनीचीही पुसली होती. गुन्हा कोणता होता, हे तिला सांगायची सगळ्यांना बंदी होती. तिचा भाऊही बोलत नसे. आई कशाने गेली विचारलं की उठून जाई, मंदाकिनीच्या हातचा चहा न घेता.

खोल पडताळणी मात्र त्या-त्या कामाला धोक्याचा गुन्हा तेवढा शोधायची. पतपेढीत ती पास झाली, म्हणजे चोरी नव्हती. दवाखान्यातही पास झाली. पाळणाघरात पास झाली, त्या दिवशी ती रडली होती.

आजचा अर्ज वृद्धाश्रमातल्या स्वयंपाकिणीच्या जागेचा होता.

भिसेने पडद्याकडे पाहिलं आणि 'नामंजूर'चा शिक्का मारला.

संध्याकाळी भाऊ आला. तिने पहिल्यांदाच त्याला चहाचं विचारलं नाही.