मोगऱ्याला लागलेला वास

चहाच्या कपात मावणारा बुटका मोगरा घेऊन गेलेल्या दमयंतीबाई महिन्याभराने हरितगृहात परत आल्या, त्या पेढे घेऊनच. ही नवी जात तयार करणाऱ्या शर्वाणीच्या हातावर त्यांनी पेढा ठेवला.

"घरातल्या माणसांचा वास फुलांना लागतो म्हणाला होतात ना? आधी माझ्या खोबरेल तेलाचा यायचा. आता आमच्या ह्यांचा येतो, तंबाखूचा. दोन वर्षं झाली हो ह्यांना जाऊन." त्यांचे डोळे भरून आले होते.

शर्वाणीने पेढा तसाच बाजूला ठेवला.

"काकू, घरी दुसरं कोण असतं?"

"कोणी नाही. मी एकटीच."

"या झाडाला कपड्यांचा, वस्तूंचा वास लागत नाही. जवळ जिवंत माणूस असावा लागतो, तोही रोज, तासन्‌तास."

दमयंतीबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"मग," त्यांनी विचारलं, "रात्री माझं सरकलेलं पांघरूण कोण नीट करतं?"