साध्या वेगाने

नाबर सरांनी हेही पुस्तक दुप्पट वेगाने लावलं, तशी मृदुलाताईंनी पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं. अंधांच्या या बोलक्या ग्रंथालयात नवी पुस्तकं घ्यायची झाली, की मोठ्यांसाठी सर निवड करत आणि छोट्यांसाठी पाचवीतली शर्वरी. दोघांचेही कान तिखट. भराभर ऐकायचं आणि दोन वाक्यांत निकाल लावायचा.

"वाचतोय कसला, रडतोय नुसता. पुढचं लावा," शर्वरीने निकाल दिला.

पुढचं ताईंनी स्वतः वाचलं होतं. गळ्याच्या ऑपरेशननंतर आवाज घोगरा झाला, रेडिओवर बातम्या देणं सुटलं, तेव्हापासून त्यांनी मोठ्याने काही वाचलंच नव्हतं. अस्वलाच्या गोष्टीचं हे पहिलं प्रकरण घरी दार लावून वाचलं आणि नाव न घालता बाकीच्यांत सरकवून दिलं.

आवाज सुरू झाला. डब्यात खडे खुळखुळावेत तसा. सरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मध्येच थांबवून वेग साधा केला. ताईंना वाटलं, एक अक्षर कळलं नसणार.

"आवाज खराब आहे हिचा. काढून टाकते," म्हणत त्या उठल्याच.

"बसा हो. इतकं चांगलं वाचलेलं पळवत ऐकायचं का?"

प्रकरण शेवटपर्यंत साध्या वेगानेच वाजलं.

"हे मुलांचंय," शर्वरीने बजावलं. "अस्वल आमचं."

"आधी मी ऐकणार," सर म्हणाले आणि ताईंच्या खुर्चीकडे वळले.

"बाकीचं कधी वाचताय?"