बनाचा खण

पेटीचं झाकण करकरलं तशी सगुणा चमकली. नणंद बना सिनेमाच्या कंपनीत गेली, त्या दिवशी सासूनं जित्या लेकीच्या नावानं आंघोळ केली होती. तेव्हापासून बनाच्या लग्नासाठी भरलेली ही पेटी कुणी उघडली नव्हती.

"भोरात तंबूत देवीचा सिनेमा आलाय. समद्या बाया वटी भरून आल्या," सासू सारजाबाई हिरवा खण काढत म्हणाल्या.

"सिनेमानं माणसं नासत्यात, असं तुमीच म्हणत हुता न्हवं?"

"ही देवी हाय गं. तिला तसं म्हनू नये."

तंबूतल्या त्या मुक्या सिनेमात देवी प्रकटली आणि सगुणानं झटकन सासूकडं वळून पाहिलं. मोतीबिंदू झालेल्या सारजाबाईंना नुसता उजेड दिसत होता. त्यांनी पडद्याखाली खण-नारळ ठेवला, मातीला कपाळ टेकलं आणि त्यांना हुंदका फुटला. "माय, माजी बना मला परत दे."

आत्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली ठकी आधी पडद्याकडं बघून हसली, मग आजीकडं वळली. तिनं सगुणाचा पदर ओढला.



"आई, आज्जी एवढी रडतीया, तरी आत्या तिच्याशी बोलत का न्हाई?"